पूर्वाश्रमीच्या धर्मावरील टीका : गोऱ्हे, पद्मनजी, रमाबाई आणि टिळक दांपत्य

प्रस्तावना

पदवीच्या वर्गात बाबा पद्मनजी यांचे 'यमुनापर्यटन' शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने सहज विचारले, "सर, हे धर्म सोडून गेलेल्या माणसाने लिहिले आहे, मग यात याहून वेगळे काय असणार?" प्रश्नात रोष नव्हता. ज्याने धर्म सोडला तो त्या धर्माविषयी कडवटच बोलणार, ही गोष्ट तिने गृहीत धरली होती. प्रस्तुत लेखकाने तेव्हा काहीतरी सावरून उत्तर दिले, परंतु ते उत्तर त्याला स्वतःलाच पटले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला उशिरा दिलेला प्रतिसाद आहे.

धर्मत्याग करणारी व्यक्ती पुष्कळदा आपल्या पूर्वाश्रमीच्या धर्माची सर्वांत कठोर टीकाकार बनते, असा सार्वत्रिक समज आहे. जर्मन तत्त्वज्ञ मॅक्स शेलर यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास असूयामूलक द्वेषाची मीमांसा करताना अशा व्यक्तीचे एक चित्र रेखाटले. तिला नव्या श्रद्धेत खरा रस नसतो, जुन्या श्रद्धेचा नकार हाच तिचा जीवनहेतू होऊन बसतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्याकडे शेलर न वाचताही हेच मत सर्रास मांडले जाते. फक्त त्यासाठी 'घरभेदी' असा सुटसुटीत शब्द वापरला जातो. या स्पष्टीकरणात एक सोय आहे. टीका करणाऱ्याच्या मनाचा रोग सांगितला की टीकेचे उत्तर देण्याची जबाबदारी उरत नाही. मराठी वाङ्मयेतिहासात एकोणिसाव्या शतकातील धर्मांतरितांच्या लेखनाला 'ख्रिस्ती वाङ्मय' अशा स्वतंत्र कप्प्यात ठेवून जे साधले गेले, तेही फार वेगळे नाही.

हे स्पष्टीकरण बाजूला ठेवून प्रत्यक्ष लेखनाकडे गेल्यास काय दिसते, हे येथे पाहावयाचे आहे. आरंभीच एक मर्यादा नोंदविली पाहिजे. जे गुपचूप धर्म सोडतात, किंवा सोडूनही काही बोलत नाहीत, ते ग्रंथालयात सापडत नाहीत. आपल्यासमोर येतात ते लिहिणारे. आणि लिहिणाऱ्याला लिहिण्यासारखे काही असते म्हणूनच तो लिहितो. 'पुष्कळदा' या शब्दातील बरेचसे वजन तेवढ्यानेच कमी होते.

दोन यमुना

'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या तीन वर्षे आधी, १८५४ मध्ये, पद्मनजींनी बाप्तिस्मा घेतला होता. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून या पुस्तकाचा उल्लेख परीक्षेपुरता सर्वांना पाठ असतो. यमुना पतीसह प्रवास करते. वाटेत तिला ठिकठिकाणच्या विधवा भेटतात आणि त्यांच्या हकिगती ती ऐकते. पुढे पतीच्या मृत्यूनंतर ती ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. कादंबरी म्हणून तिचा शेवटचा भाग दुबळा आहे. लेखकाने आधीच ठरविलेल्या मुक्कामावर नायिकेला नेऊन पोहोचविले आहे, हे लपत नाही. मात्र विधवा स्वतः बोलतात तेथे धर्मप्रचारक मागे पडतो. त्या संवादांत त्या काळच्या घरातल्या बायकांची भाषा आहे, आणि ती ऐकणाऱ्याचा कान सच्चा आहे.

आता दुसरी यमुना. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. तिच्या नायिकेचेही नाव यमुनाच. तीही विधवा होते, तिचे बळजबरीने केशवपन होते आणि ती मरते. कठोरपणाच्या तराजूत या दोन कादंबऱ्या घातल्या तर आपट्यांचेच पारडे जड ठरेल असे वाटते. पद्मनजींची यमुना निदान एका नव्या घरात जाते. आपट्यांची यमू कोठेच जात नाही. वाड्यातल्या बंद खोलीत जे घडते त्याचे असे वर्णन पद्मनजींना साधलेले नाही. तरीही आपट्यांच्या कादंबरीला कोणी धर्मद्वेष्टे लेखन म्हटलेले नाही. ती सुधारणेची कादंबरी आहे आणि 'यमुनापर्यटन' मिशनरी प्रचार आहे, असे आपण शिकवतो. आरोप एकच असताना एकाच्या वाट्याला 'घरचा आहेर' हा मान येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला शत्रुत्वाचा शिक्का.

यावरून धर्मत्याग्याची कठोरता हा केवळ ऐकणाऱ्याच्या कानाचा दोष आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. तारा­बाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) किंवा जोतीराव फुले यांची 'गुलामगिरी' (१८७३) समोर ठेवल्यास हा मोह आणखी बळावतो. कारण या दोन्ही पुस्तकांइतकी धारदार भाषा पद्मनजींच्या लेखणीतून क्वचितच उतरली आहे. परंतु हे उत्तर अर्धेच आहे. दोन्ही यमुनांमध्ये एक खराखुरा भेद आहे, आणि तो स्वराचा नसून लक्ष्याचा आहे. आपट्यांचा रोख रूढीवर आहे. वपन करविणारे शंकरमामंजींसारखे लोक दांभिक आहेत, असे ते दाखवितात. धर्म मात्र त्या आरोपातून सुटतो. पद्मनजी त्याला सुटू देत नाहीत. त्यांच्या लेखी विधवेचे दुःख हा धर्माचा अपभ्रंश नसून धर्माचाच परिणाम आहे.

येथे या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. 'धर्म चांगला, रूढी वाईट' हा सुधारकाचा मधला मार्ग आहे. सोडून जाणाऱ्याला तो मोकळा नसतो. तो मार्ग त्याने खरा मानला असता तर घर, नाते, जात आणि बहुधा वडिलार्जित प्रतिष्ठा सोडण्याचे कारणच त्याला उरले नसते. राहून दुरुस्ती करता आली असती, तर तो गेला का? हा प्रश्न त्याला इतरांकडून तर विचारला जातोच, पण तो स्वतःही स्वतःला विचारीत असतो. त्याचे उत्तर एकच असू शकते : दोष फांदीत नसून मुळात आहे. म्हणून त्याची टीका मुळावर जाते. तिचा कठोरपणा भाषेतून आलेला नाही. तो युक्तिवादाच्या गरजेतून आलेला आहे.

स्वतःच्याच ग्रंथाला उत्तर

नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) यांचे उदाहरण या दृष्टीने अपूर्व आहे. बनारसमध्ये वाढलेले हे चित्पावन पंडित. जॉन म्यूर या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदू मतांचे खंडन केले. त्याला संस्कृतातच तीन पंडितांनी उत्तरे दिली. त्यांपैकी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हे उत्तर नीलकंठशास्त्र्यांचे; ते १८४४–४५ मधील आहे आणि तेव्हा त्यांचे वय विशीच्या आसपास होते. जगात जन्मतः दिसणारे सुखदुःखाचे वैषम्य पूर्वकर्माशिवाय कसे समजावून घ्यावयाचे, आणि एकच जन्म मानणारा ईश्वर न्यायी कसा ठरतो, हा त्यांचा ख्रिस्ती मताला बिनतोड सवाल होता. त्यानंतर तीन-चार वर्षांनी, १८४८ मध्ये, जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले.

१८६० मध्ये त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सहाही दर्शनांचे एकेक करून खंडन करणारा हा ग्रंथ दोनच वर्षांत इंग्रजीतही आला. वेदान्तावर त्यांनी सर्वाधिक श्रम घेतले आहेत. पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक अशा तीन सत्ता मानणे म्हणजे असत्यालाच सत्याचे एक नाव देणे होय, असा त्यांचा आक्षेप आहे. तो मांडण्याची रीत मात्र पूर्णपणे न्यायशास्त्राची आहे. पूर्वपक्ष, त्याचे समर्थन, मग दोषोद्भावन. काशीच्या पाठशाळेत जे शिकले त्याच हत्यारांनी त्यांनी काशीच्या विद्येवर वार केला. परक्या मिशनऱ्याला हे साधले नसते, कारण नेमके कोठे वार करावयाचा हेच त्याला ठाऊक नव्हते. धर्मत्याग्याची टीका अधिक झोंबते ती या ओळखीमुळे.

या ग्रंथाचा खरा प्रतिपक्षी कोण, असा प्रश्न विचारला तर उत्तर मिळते : 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'चे लेखक नीलकंठशास्त्री. गोऱ्ह्यांनी पूर्वी संपूर्ण परंपरेचे मंडन केले होते. त्यामुळे त्यांना खंडनही संपूर्ण परंपरेचे करावे लागले. ज्याने कधी काही मांडलेच नाही त्याला काही खोडण्याचीही गरज पडत नाही. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बाप्तिस्म्यानंतरही गोऱ्ह्यांचे मन स्थिरावले नाही. ते एका ख्रिस्ती पंथाकडून दुसऱ्याकडे सरकले. पुढे कावली फादर्स या संन्यस्त संघात उमेदवार म्हणून राहिले, परंतु अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. शंकेने त्यांची पाठ सोडली नाही. शेलरचा धर्मत्यागी केवळ जुन्या श्रद्धेच्या द्वेषावर जगतो. गोऱ्हे हे शंकेवर जगणारे होते, आणि त्या शंकेला जुने-नवे असा भेद माहीत नव्हता.

परंतु 'दर्पणा'त एक मोठी उणीवही आहे, आणि ती मुळावर जाणाऱ्या टीकेची नेहमीची उणीव आहे. गोऱ्ह्यांच्या लेखी हिंदू धर्म म्हणजे सहा दर्शने. आळंदीच्या वाटेवर टाळ घेऊन चालणाऱ्याचा धर्म त्या आरशात उमटत नाही. धर्माची व्याख्या त्यांनी काशीच्या पंडितांकडून जशीच्या तशी उचलली आणि मग ती नाकारली. सोडून जाणारा आणि सनातनी यांचे धर्म कशाला म्हणावे यावर पुष्कळदा एकमत असते. भांडण असते ते तो ठेवावा की टाकावा एवढ्यापुरतेच. सुधारक या दोघांनाही नकोसा होतो, तो यामुळे.

रमाबाई : दोन पुस्तके, दोन वाचक

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्याबाबतीत हा गुंता अधिक रम्य आणि अधिक दुःखद आहे. १८८२ मध्ये पुण्यात असताना त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' लिहिली. त्यात दोष दिला आहे तो बहुतांशी स्त्रियांच्याच आळसाला व अज्ञानाला. परंपरेच्या चौकटीत राहून स्त्रीने स्वतःला सुधारावे, असा उपदेश आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८७ मध्ये फिलाडेल्फियाहून 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' निघाले. पाच वर्षांत आरोपी बदलला होता. आता पिंजऱ्यात स्त्री नव्हती, मनु होता.

हा बदल बाप्तिस्म्यामुळे झाला, असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी त्याचे मूळ कलकत्त्याच्या वास्तव्यात, म्हणजे १८७८ च्या सुमारास, दाखविले आहे. केशवचंद्र सेन यांच्या सूचनेवरून त्या धर्मशास्त्रे व वेद वाचू लागल्या. इतर बाबतींत परस्परांशी न जुळणारे हे ग्रंथ स्त्री स्वभावतः दुष्ट आहे आणि तिला पुरुषासारखा मोक्ष नाही या बाबतीत मात्र एकमुखी आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणजे टीका आधी आली, त्याग नंतर. पाच वर्षे ती टीका मनात मुरत होती आणि त्याच काळात 'स्त्रीधर्मनीती'सारखे समन्वयाचे पुस्तकही लिहून झाले. त्यांनी मधला मार्ग चालून पाहिला, तो पुढे जात नाही हे अनुभवले आणि मग सोडला.

तथापि १८८७ च्या पुस्तकाचा वाचक कोण होता, हेही विसरता येत नाही. ते अमेरिकन स्त्री-पुरुषांसाठी, विधवांच्या शाळेला साहाय्य मिळावे म्हणून लिहिलेले आहे. असा वाचक समोर असला की चित्र गडद होते. रमाबाईंनी जे लिहिले ते खोटे नव्हे, परंतु निवडलेले आहे; एखाद्या वकिलाने कागद निवडावेत तसे. दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, मराठी वाचकांसाठी लिहिलेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या पुस्तकात त्यांची लेखणी किती मोकळी होते, हे ताडून पाहण्यासारखे आहे. तेथे त्या आपल्या माणसांशी बोलत आहेत. धर्मत्याग्याच्या कठोरतेचा काही वाटा तरी त्याच्या नव्या श्रोत्यांच्या खात्यावर मांडला पाहिजे.

परंतु त्याच इंग्रजी पुस्तकाचे अर्पणपत्र उघडावे. ते आई लक्ष्मीबाई डोंगरे हिच्या स्मृतीस आहे. समाजाचा विरोध पत्करून अनंतशास्त्र्यांनी पत्नीला संस्कृत शिकविले. त्या आईने मुलीला शिकविले. आणि दुष्काळात तीर्थे हिंडताना आई-वडील दोघेही गेले. ज्या परंपरेवर हे पुस्तक घाव घालते तिच्यातूनच ज्ञान देणाऱ्या व्यक्तीला ते वाहिलेले आहे. असे अर्पण लिहिणाऱ्या स्त्रीचे वर्णन 'द्वेष' या एका शब्दात करणाऱ्याने ते पान वाचलेले नसावे.

रमाबाईंनी नव्या धर्मालाही सोडले नाही, ही गोष्ट मात्र आपण सांगावयास विसरतो. ए. बी. शाह यांनी संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या त्या पत्रांत त्या त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाद घालतात, बिशपांच्या अधिकाराला प्रश्न विचारतात, आणि क्रूसावरील लेख लॅटिनमध्ये कशासाठी, संस्कृतमध्ये का नको, असे हटकतात. हिंदू शास्त्रांना जे विचारले तेच चर्चला. त्यांची टीका धर्मांतराचे अपत्य असती तर धर्मांतराबरोबर ती थांबली असती.

पुण्यातील सुधारकांशी त्यांचा जो बेबनाव झाला त्याचा अर्थ येथे लागतो. १८८९ मध्ये मुंबईत निघालेले व पुढच्या वर्षी पुण्यास आलेले शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. रमाबाई स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार बंद करीत नसत. काही मुली त्या वेळी तेथे येऊन बसत. 'केसरी'ने झोड उठविली आणि १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले. ज्या शहरात पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा घेतल्याबद्दल रानडे व लोकमान्य टिळक यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले, तेथे सुधारकांची अडचण समजू शकते. सनातन्यांना रमाबाई परक्या होत्या. सुधारकांना मात्र त्या, मधला मार्ग संपतो हे दाखविणाऱ्या, नकोशा साक्षीदार होत्या.

टिळक दांपत्य

आतापर्यंतचे प्रतिपादन बरोबर असेल, तर ज्याला मूळ नाकारण्याची गरज नाही असा धर्मत्यागी सौम्य आढळला पाहिजे. तसा तो आढळतो. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका प्रसिद्ध आहे. मागच्या काठाकडून पुढच्या काठाकडे पूल आहे असे ज्याला वाटते, तो मागचा काठ कापत बसत नाही. त्यांची ख्रिस्तभक्ती अभंगाच्या छंदात आली. अखेरच्या काळात त्यांनी संन्यासही घेतला.

लक्ष्मीबाईंची गोष्ट याहून वेगळी. त्यांनी कोणताही सिद्धान्त तपासून धर्म सोडला नाही. पती गेला, ताटातूट झाली, हळूहळू सोवळे गळत गेले आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. स्वतःच्या जाण्याचे समर्थन त्यांना शास्त्राला खोटे पाडून करावयाचे नव्हते. 'स्मृतिचित्रे'च्या (१९३४–३६) आरंभी वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन आहे ते वाचून वाचक हसतो, आणि हसता हसता त्या घरातील बायकांचे हाल त्याच्या ध्यानात येतात. सोवळ्यावर मराठीत याहून परिणामकारक टीका दाखविणे कठीण आहे. आणि तरी तीत एक कडू शब्द नाही. वाङ्मय म्हणून 'स्मृतिचित्रे' या सर्व पुस्तकांत श्रेष्ठ आहे, याविषयी दुमत नसावे. म्हणून सर्वांनी तसेच लिहावयास हवे होते, अशी अपेक्षा मात्र अन्यायाची होईल. गोऱ्हे आणि रमाबाई यांना ज्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे होते तो लक्ष्मीबाईंना कोणी विचारलाच नव्हता.

आधी टीका, मग त्याग

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे धर्मांतर या परंपरेत बसवणे योग्य नव्हे. त्यामागे एका व्यक्तीचा मोक्ष नसून एका समाजाची मुक्ती होती. तथापि क्रमाचा प्रश्न त्यांच्या चरित्रात जितका स्पष्ट होतो तितका अन्यत्र होत नाही. मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले. येवल्याची घोषणा १९३५ ची, आणि नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. दहन आणि दीक्षा यांत जवळजवळ एकोणतीस वर्षे गेली. तळे, मंदिर, सत्याग्रह, निवेदने हे सर्व त्या अवधीत झाले. सोडल्यामुळे ते टीकाकार झाले नाहीत. टीकेला उत्तर न मिळाल्यामुळे त्यांनी सोडले.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलाविले आणि भाषण वाचल्यावर परिषदच रद्द केली. मंडळ सुधारकांचे होते, जात मोडावी हे त्यांनाही मान्य होते. खटका उडाला तो शास्त्रांचे प्रामाण्य नाकारल्याशिवाय जात जाणार नाही, या प्रतिपादनावर. फांदी की मूळ, हाच तो जुना प्रश्न. पुण्यात १८९३ मध्ये जे रमाबाईंशी झाले त्याचीच ही मोठ्या पटावरील आवृत्ती होय.

आणि जे सोडून गेलेच नाहीत त्यांचे काय? हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. ते दुसऱ्या कोणत्याही धर्मात गेले नाहीत. आपल्या समाजातच राहून त्यांनी बोलावयाचे ठरविले. तरी त्यांना 'गेलेला' ठरविण्यात आले. मुळाविषयी प्रश्न विचारणाऱ्याला बाहेरचा म्हणून जाहीर करण्याची घाई ही एका धर्माची मिरास नाही.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर प्रस्तुत लेखक दोन्ही यमुना एकत्र शिकवू लागला. पुढच्या वर्षी वर्गातून दुसरा प्रश्न आला : आपट्यांची यमू जगली असती तर ती कोठे गेली असती? कादंबरीत त्याचे उत्तर नाही, पण त्या काळच्या पुण्यात आहे. धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकांसाठी आश्रम काढला तो १८९६ मध्ये. त्याआधी पुण्यातील विधवेला राहावयास व शिकावयास रमाबाईंचे शारदा सदन होते. कर्व्यांनी १८९३ मध्ये ज्या विधवेशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई शारदा सदनाच्याच विद्यार्थिनी होत्या. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत.